गोधडीवरची नावं

आज कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका छोट्या गावी गेले होते. गव्हाच्या शेतांमधलं मूठभर घरांचं गाव. तिथल्या हॉलमध्ये जुन्या पिढीतल्या बायकांच्या आठवणींचा कार्यक्रम होता.

भिंतीवर एक गोधडी टांगलेली. प्रत्येक चौकोनात लाल दोऱ्याने भरलेलं नाव, पण कसं? ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव! फार लागलं मनाला. शेजारच्या आजी मात्र एकेका चौकोनावर बोट ठेवून खरी नावं सांगत गेल्या. ही सुईण, ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, हिची दोन मुलं एकाच हिवाळ्यात गेली.

काय उपसलंय या बायकांनी! मळणीला वीस-वीस गड्यांचा स्वयंपाक, वर चारच्या सुमाराला शेतावर खाणं पोचवायचं. पिठाच्या रिकाम्या पोत्यांचे मुलांना कपडे. आणि जमीन? १८७२च्या कायद्याने पुरुषाला १० डॉलर फी भरून १६० एकर; बाईला सहसा ती विधवा असेल आणि पदरी लहान मुलं असतील तरच.

याच प्रांतातल्या हॅरिस गावाजवळ शेती करणाऱ्या व्हायोलेट मॅकनॉटन यांनी अशाच शेतकरी बायकांना एकत्र आणलं. मताचा हक्क मागितला, गावाजवळ डॉक्टर, नर्स, दवाखाना मागितला. १९१६मध्ये मत मिळालं.

फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजांच्या, बायकांना मात्र प्रांतात मत द्यायला १९६० उजाडलं. जमीन मुळात त्यांच्या लोकांची. त्यांच्याबद्दल आज कुणीच बोललं नाही, बोलायला हवं होतं.