पहिले तीन महिने काय करायला लावतात?

"जपानात राहतेस, मग कराटे शिकलीस की नाही?" पुण्याहून फोन आला की हे विचारणं ठरलेलं. टोकियोत कराटे जोरात आहे, पण ते मूळचं दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचं. तिथले कराटेगुरू फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये इथे प्रात्यक्षिक दाखवलं आणि मग ते राजधानीत रुजलं. शिवाय ज्युदो, केन्दो (तलवारबाजी), आयकिदो (समोरच्याचा जोर वळवून त्याला रोखणं), क्युदो (धनुर्विद्या) या जपानी युद्धकला आहेतच. यातलं आपल्याला काय झेपेल?

माझं मत ठाम आहे. पट्टीचे खेळाडू पाहून भुलू नका, नवशिक्यांना सुरुवातीचे तीन महिने काय करायला लावतात ते बघा. नाव घालण्याआधी बहुतेक दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागी, कोपऱ्यात बसून वर्ग बघता येतो. याला इथे केनगाकु म्हणतात, आणि ते मागायला अजिबात संकोच करू नये.

ज्युदोत आधी पडायला शिकायचं. हनुवटी छातीशी, हाताचा फटका तातामीवर (जमिनीवरच्या चटईवर), पुन्हा उठायचं, पुन्हा पडायचं. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेलं कोदोकान हे ज्युदोचं मूळ केंद्र टोकियोतच आहे. कुस्ती बघत वाढलेल्यांना हा खेळ चटकन कळतो: ताबा ठेवून, जोरात आणि वेगानं पाठीवर टाकलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, लढत संपली. आपली चितपटच.

केन्दोत पाय घासत सरकायचं आणि बांबूची शिनाई, म्हणजे सरावाची तलवार, पुन्हा पुन्हा वरून खाली आणायची. चिलखत बरंच नंतर अंगावर येतं. वार करताना मोठ्यानं ओरडावंच लागतं, त्याशिवाय गुण नाही. ऑफिसात दिवसभर दबून बोलणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

मी क्युदो निवडलं. धनुष्य दोन मीटरहून लांब, लक्ष्य २८ मीटरवर आणि जेमतेम ३६ सेंटीमीटर व्यासाचं. पण आधी हातात येतं ते रबराचं साधन, मग बाण मारायला अगदी जवळ ठेवलेला पेंढ्याचा भारा. लक्ष्यासमोर उभं राहायला महिने लागतात. मला कुणाला हरवायचं नव्हतं; स्क्रीनसमोर आखडलेले खांदे उघडायचे होते, श्वास लांबवायचा होता. पाय रोवण्यापासून बाण सुटल्यानंतरच्या स्थिर उभं राहण्यापर्यंत आठ टप्पे आहेत, आणि प्रत्येकात सुधारायला इतकं काही असतं की कंटाळा येतच नाही.

आयकिदोच्या बहुतेक शाखांत स्पर्धा नसतात, त्यामुळे चाळिशीनंतरही निर्धास्त सुरुवात करता येते. फक्त गुडघ्यांवर बसणं-चालणं असतं. गुडघे दुखत असतील तर सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, आधीच सांगा.

मुलांना ज्युदोला घालणार असाल तर जास्त चौकशी करा. जपानी शाळांमध्ये ज्युदो खेळताना डोक्याला गंभीर मार बसल्याच्या घटना घडल्या आहेत. पडणं पक्कं होईपर्यंत मुलांवर ओसोतोगारीसारखे मागे आपटणारे डाव करू देता का, असं सरळ विचारा. सेन्सेईंनी हसण्यावारी नेलं तर दुसरा दोजो शोधा. टोकियोत दोजोंना तोटा नाही.