चुकली तर पुढची कधी?

पुणे–मुंबई अपडाउन मी चौदा वर्षं केलं. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, संध्याकाळी सीएसएमटीहून पाच दहाची परतीची. आमच्या बायकांच्या पासाच्या डब्यात नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिला विचारायचं, "ही चुकली तर पुढची कुठली, माहितीये?" उत्तर आलं नाही की समजायचं, ही महिन्याभरात एकदा तरी दादरला रडणार.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदाच्या मे महिन्यातली आमची भूमध्य समुद्रावरची क्रूझ. सात रात्री, बार्सिलोनाहून चढायचं आणि तिथेच उतरायचं. मी, हे, ताई आणि भावोजी. आता जाणाऱ्यांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहिलेलं असतं तिथे रोम नसतं. जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, आणि रोम तिथून साधारण ८० किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' लिहिलेलं असतं ते बंदर म्हणजे लिव्होर्नो. लोणावळ्याला उतरवून "चला, पुणं आलं" म्हणावं, तसला प्रकार.

मग उरतात दोन रस्ते. जहाजाची सहल घ्यायची, म्हणजे धक्क्यावर बस उभी, हातात नंबराचा स्टिकर, पुढे छत्री उंच धरलेली गाइड. नाहीतर आपलं आपण स्टेशन गाठायचं. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालंय, त्यामुळे तिने आणि भावोजींनी सगळ्या सहली कोथरूडच्या घरी बसूनच बुक करून टाकल्या. आम्ही एकही केली नाही. यावरून आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर वाद झाले. भावोजींचं म्हणणं एकच: "सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमच्यासाठी कोण थांबणारे?" मुद्दा खरा आहे. जहाजाने स्वतः विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं, नाहीतर तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची सोय करतं. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी शिडी वेळेवर वर जाते. आणि ती वेळ जहाज सुटायची नव्हे, 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजात परतलेलं असायची, सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची.

पैशांचं गणित सोपं असतं म्हणून सगळे त्यावरच अडतात. आमच्या जहाजाची रोमला नुसतं नेऊन आणणारी बस, गाइड नाही, काही नाही, माणशी ७५ युरो होती. रेल्वेचं साधं तिकीट एका बाजूचं पाचेक युरो. पण मी पैशांवर ठरवलं नाही. मी प्रत्येक बंदराला तोच डब्यातला प्रश्न विचारला.

लिव्होर्नोला उत्तर आलं ते माझ्याच विरुद्ध. तिथे बंदराच्या आत पायी फिरू देत नाहीत, पैसे भरून शटल बसने गावात यायचं, मग पियाझ्झा ग्रांदेहून शहरबस धरून स्टेशन, कारण स्टेशन तिथून दोनेक किलोमीटर लांब. पुढे फ्लॉरेन्स सुमारे दीड तास. सरळ जाणाऱ्या गाड्या साधारण तासाला एक. म्हणजे जिने परतायचं तिच्यामागे आणखी दोन गाड्या हाताशी ठेवायच्या म्हटल्या की दुपारी अडीचलाच फ्लॉरेन्स सोडायला हवं. पावणेअकराला पोचून अडीचला निघायचं, तर सहलीच्या बसपेक्षा जास्त काय मिळालं? मी फ्लॉरेन्सवर पाणी सोडलं. आम्ही गेलो पिसाला, वीसेक मिनिटांत, चिंचवडला गेल्यासारखे. मनोरा बघितला (वाकडाच आहे), आणि तिथून अर्ध्या तासावरच्या लुक्काला. गावाभोवती रुंद तटबंदी, वर झाडं, चार किलोमीटरची फेरी. हे भाड्याची सायकल घेऊन, मी चालत. ताईला फ्लॉरेन्समध्ये तीन तास मिळाले, त्यातला पाऊण तास ४६ जणांच्या ग्रुपबरोबर स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. तरी कॅथीड्रलचा घुमट बघून आली ती खुशीतच होती.

आता रोम. इथे रेल्वेनेच जा, हे मी छातीठोक सांगते.

जहाजाच्या शिडीपासून बंदराची फुकट शटल बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकात आणून सोडते. तिथून स्टेशनला शहरबस आहे, पण समुद्राच्या कडेकडेने, मायकेलअँजेलोच्या नावाचा किल्ला ओलांडून, वीस-पंचवीस मिनिटांत चालतही जाता येतं. स्टेशनवर मात्र अख्खं जहाज तिकिटाच्या मशीनसमोर उभं असतं. मशीनपाशी "मदत करू का" म्हणत येणाऱ्यांना हात जोडून लांब ठेवा. तिकीट स्टेशनवरच्या तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानातही मिळतं, तिथे रांग नव्हती. आणि जातानाच परतीचंही काढून ठेवा. कागदी तिकीट असेल तर फलाटाच्या तोंडाशी छोटं मशीन असतं, त्यात सरकवून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नाही तर तिकीट असूनही दंड. मोबाइलवर काढलंत तर चेक-इन करावं लागतं का, ते चढण्याआधी ॲपमध्ये बघून घ्या. या गाड्यांना आरक्षण नसतं, जागा दिसेल तिथे बसा. रुमाल टाकायची गरज पडली नाही.

टर्मिनीपर्यंत, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत, जायचा मोह टाळा. त्याआधी सान पिएत्रो म्हणून छोटं स्टेशन लागतं, तिथे उतरा. बाहेर येऊन पंधरा मिनिटं चाललं की व्हॅटिकनचा घुमट समोर. त्या घुमटाच्या सेंट पीटर्स चर्चला तिकीट नाही, पण तपासणीची रांग आहे, आणि आम्ही पावणेदहाला पोचून तासाभरात आत होतो. बुधवार असेल तर सकाळी चौकात पोपची सार्वजनिक भेट असते, त्या दिवशी हा क्रम उलटा करा. व्हॅटिकनच्या संग्रहालयांचं तिकीट आधी काढलेलं नसेल तर क्रूझच्या दिवसात त्यांचा नाद करू नका. पुढे आम्ही नदी ओलांडून पँथिऑन आणि त्रेव्हीचं कारंजं केलं, सगळं पायी. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यात जागोजागी लोखंडी ठोकळ्यासारखे नळ आहेत, चोवीस तास वाहते, थंडगार. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बाजूला असलेल्या भोकातून पाण्याची कमान उडते, तिला तोंड लावायचं. एका म्हातारबाबांनी आम्हाला हे दाखवलं आणि यांनी ते दिवसभरात सात वेळा केलं.

परत जाताना टर्मिनीहून सव्वातीनची गाडी धरायची होती. सव्वासहाला ऑल अबोर्ड, म्हणजे हिच्यामागे दोन गाड्या हाताशी. तीन वाजता आम्ही फलकासमोर उभे, आणि चिविताव्हेक्किया नावाची गाडी फलकावर नाहीच. हे म्हणाले, "अगं, रद्द झाली वाटतं." फलक पुन्हा वाचला, भिंतीवरचा पिवळा कागद वाचला (पिवळा म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरा म्हणजे येणाऱ्या), तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती गाडी पुढे पिसापर्यंत जाते, म्हणून फलकावर मोठ्या अक्षरात फक्त पिसा. चिविताव्हेक्किया खाली बारीक अक्षरांत मधल्या स्टेशनांत सरकत होतं. कर्जतला उतरणाऱ्या माणसाने 'कर्जत' नावाची गाडी शोधत बसावं तसं आमचं झालं. आयुष्यभर हे दुसऱ्यांना समजावलं आणि स्वतःच फसले. आणि फलाट? अठ्ठावीस. टर्मिनीचे २५ नंबरच्या पुढचे फलाट मुख्य स्टेशनपासून बरेच लांब, बाजूला आहेत. चोवीसला पोचलात म्हणून शेजारीच पंचविसावा असेल असं समजू नका, दहा मिनिटं चालायला लागतात. आम्ही पळालो. शेवटचा डबा आमच्या डोळ्यांसमोरून गेला.

हे घामाघूम. मी खांबाला टेकून पर्समधली बाकरवडी काढली. पुढची पावणेचारला होती, तिच्यामागे आणखी एक. पाच वाजता चिविताव्हेक्किया, शहरबसची वाट न बघता किल्ल्याकडून चालत, शटल, आणि पावणेसहाला जहाजात. वरच्या डेकवर भावोजी दुर्बीण घेऊन उभे होते. त्यांची सहल साडेचारलाच परतली होती. ते काही बोलले नाहीत, दुर्बीण डब्यात घातली.

नेपल्सला मात्र मीच सहलीच्या बसमध्ये बसले. आदल्या रात्री जेवताना आमच्या टेबलाला वाढणारा वेंगुर्ल्याचा मुलगा हळूच म्हणाला, "काकी, उद्या संप आसा. ट्रेनान जाव नकात." इटलीत संपाला 'शोपेरो' म्हणतात, हा शब्द तोंडपाठ करून ठेवा. संप आधी जाहीर केलेला असतो, निघण्याआधी तारखा तपासता येतात. त्यातली मेख अशी, की कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत राष्ट्रीय रेल्वेच्या ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. म्हणजे सकाळी तुम्ही मजेत पोचता, आणि दुपारी तीनला परतायला जाता तेव्हा फलाट रिकामा. हमीची गाडी सहानंतर, जहाज सुटायच्या बेतात. 'पुढची कधी' याला उत्तरच नाही, तर चर्चा संपली. सहलीच्या काउंटरवर पॉम्पेईच्या बसच्या शेवटच्या दोन जागा होत्या, त्या घेतल्या.

आणि खरं सांगते, पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या त्या जुन्या रोमन गावाला, गाइड लागतोच. रोम बघताना न सांगताही कळतं. पॉम्पेईत सांगणारा नसेल तर नुसते दगड. आमच्या गाइडबाईंनी एका रस्त्यात थांबवून पायाखाली बघायला लावलं. रस्त्याच्या मधोमध तीन उंच, सपाट दगड, एका पदपथावरून दुसऱ्यावर जायला. रस्त्यातून सांडपाणी वाहायचं, त्यात पाय बुडू नये म्हणून. आणि त्या दगडांच्या मधल्या फटीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, चार बोटं खोल. मी वाकून त्यात हात घातला. चाकाचं अंतर आणि दगडांमधली फट बरोबर जुळते. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसने गाव गाडलं त्याच्या आदल्या दिवशीही त्यातून कोणाची तरी गाडी खडखडत गेली असणार.

एवढं छान चाललेलं असताना बस परतताना शंखावर कोरीवकाम करणाऱ्या एका दुकानात चाळीस मिनिटं थांबली. महाबळेश्वरच्या सहलीत बस चप्पल-चणेवाल्यांपाशी थांबते, तसंच. ताईने एक ब्रोच घेतला, पुण्यात कुठे लावणार विचारलं तर रागावली. पॉम्पेईत आम्हाला मिळाले जेमतेम दोन तास.

संप नसेल आणि तुम्हाला स्वतःहून जायचं असेल तर बंदराच्या समोरच मेट्रो लाइन १चं मुनिचिपिओ स्टेशन आहे. गारिबाल्दीला उतरायचं, तिथून खालच्या पातळीवरून सर्कमव्हेसुव्हियाना लोकलची सोरेंतोकडे जाणारी गाडी. उतरायचं स्टेशन 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्टेरी', पाऊण तासाच्या आत. पॉम्पेई नावाची दुसरीही स्टेशनं आहेत, त्यांच्यावर उतरू नका. फाटक समोरच, तिथे परवानाधारक गाइड मिळतात. २०२४च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा तिकीट आधी काढा, ओळखपत्र बरोबर ठेवा.

गुडघे, पाठ, लहान मूल यांतलं काही बरोबर असेल तर वरचं सगळं विसरा आणि सहल घ्या. ताई ट्रेनने आली असती तर रोमच्या त्या पळापळीत आम्ही तिला आणि जहाजाला दोघांनाही मुकलो असतो.

किरकोळ गोष्टी. मनगटावर जहाजाच्या वेळेचं साधं घड्याळ लावा, मोबाइलवर विसंबू नका. जहाजावर मोबाइल फ्लाइट मोडवरच ठेवा, नाहीतर समुद्रात जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून बिल वाढतं. जेवणाच्या टेबलावरची फळं बाहेर नेऊ देत नाहीत, आपला सीलबंद खाऊ चालला.

आणि पासपोर्ट. आमच्या जहाजाने ते पहिल्याच दिवशी जमा करून घेतले. त्यामुळे जमिनीवर उतरताना पासपोर्टची आणि शेंगेन व्हिसाची झेरॉक्स, जहाजाचं कार्ड, थोडी रोकड आणि बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर एवढं अंगावरच हवं. रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यात हा नंबर छापलेला असतो. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्याला. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र आपला. मी तो नंबर कागदावर लिहून यांच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. शेवटचा, नेपल्सचा कागद काढायचा राहून गेला, आणि हे परवा पर्वती चढतानाही तो खिशात घेऊन गेले होते.