आमची वाटचाल : २६ भाग, ७ डिस्क आणि एक पोकळ खोका

ओक ट्री रोडवर आम्ही १९९८ साली दुकान घेतलं ते हिंदी सिनेमाच्या कॅसेट भाड्याने द्यायला. न्यू जर्सीतला हा रस्ता म्हणजे आपल्या लोकांचा बाजार; वाणसामान, साड्या, सोनं आणि व्हिडिओ. भांडवल मेहुण्यांचं, राबणं आम्हा नवराबायकोचं. ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं, एक रॅक कोपऱ्यात आलं ते मुलाच्या हट्टामुळे. त्याच वर्षी पोकेमॉन अमेरिकेतल्या टीव्हीवर आलं, कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी लागायला लागलं, आणि शाळा सुटली की पोरं दारात हजर. "अंकल, पुढचं आलं का?" देशी, चिनी, मेक्सिकन, सगळी.

२००३ पर्यंत अर्धं दुकान ॲनिमेचं झालं. मंडळाच्या गणपतीत लोक विचारायचे, "काय, कार्टूनचं दुकान कसं चाललंय?" मी नुसता हसायचो. गल्ला बघितला असता तर त्यांनीच रॅक टाकलं असतं. अमेरिकेत नवी डीव्हीडी विक्रीला लागते मंगळवारी, म्हणून सोमवारी रात्री आम्ही जेवण उरकून परत दुकानात. मी खोकी फोडायचो, बायको लेबलं चिकटवायची. मंगळवारी दुपारी तीनपर्यंत निम्मा माल गेलेला असायचा.

हिशेब मात्र तेव्हाच जरा विचित्र होता. एका डिस्कवर चार भाग, छापील किंमत २९.९८ डॉलर. २६ भागांची मालिका पुरी करायला सात डिस्क, म्हणजे दोनशेच्या वर. पोरं मला शिव्या घालायची, जणू किंमत मीच ठरवतो. पण जपानात तर एका डिस्कवर दोनच भाग आणि किंमत पाच-सहा हजार येन! तिथे मध्यरात्री लागणाऱ्या मालिकांचा खर्च बराचसा डिस्कच्या विक्रीतूनच निघायचा. हौशी माणसंच घेणार, म्हणून भाव चढा. अमेरिकेत फार स्वस्त विकलं तर इथला माल उलटा टोकियोत जाईल, ही त्यांना धास्ती. पुढे ब्लू-रे आल्यावर ती आणखी वाढली, कारण डिस्क आपापल्या विभागातल्या प्लेअरवरच चालते, आणि ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका एकाच विभागात येतात.

सगळ्यात जास्त विकला जायचा आर्टबॉक्स. पहिल्या डिस्कबरोबर जाड पुठ्ठ्याचा, चित्रं छापलेला खोका यायचा, सगळ्या डिस्क मावतील एवढा. आत डिस्क एकच. ती खुळखुळू नये म्हणून उरलेल्या जागेत घडी घातलेला पांढरा पुठ्ठा. दर दोन महिन्यांनी नवी डिस्क आणायची आणि पुठ्ठा थोडा थोडा दाबत जायचा. हा खोका घेतला की गिऱ्हाईक वर्षभर बांधलं गेलं, असं आम्ही समजायचो.

पण कंपन्यांनीच गिऱ्हाइकाला थांबायला शिकवलं. मालिका पुरी झाली की वर्षभरात तोच माल साध्या डब्यात, एकगठ्ठा, साठ-सत्तर डॉलरला. ज्याने इमानेइतबारे दोनशे मोजले त्याचं तोंड बघवत नसे. एकदा असा फटका बसलेला माणूस दुसऱ्यांदा पहिली डिस्क कशाला घेईल? त्यात इंटरनेट. टोकियोत रात्री लागलेला भाग दोन दिवसांत हौशी पोरांच्या इंग्रजी सबटायटल्ससकट फुकट मिळायचा. आमची डिस्क यायची वर्ष-दीड वर्षाने. पोरं दुकानात येऊन शेवट सांगायची, मलाच! चोरीचं समर्थन मी करत नाही, पण सगळं खापर त्या पोरांवर फोडणंही मला पटत नाही. शिळा माल चढ्या भावात विकत होतो, हे आम्हालाही दिसत होतं.

जानेवारी २००६ मध्ये म्युझिकलँडचं दिवाळं निघालं. मॉलमधली सनकोस्ट दुकानं त्यांचीच, आणि ॲनिमेचं सगळ्यात मोठं शेल्फ तिथलं. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. वाटलं, आता गिऱ्हाईक आपल्याकडे वळणार. इतका मूर्खपणा मी धंद्यात दुसऱ्यांदा केलेला नाही. मोठी दुकानं न खपलेला माल परत पाठवू शकत, ती बुडाली की प्रकाशक कंपन्यांचे पैसे अडकतात आणि गोदामं भरतात. तिकडे जपानला हक्कांचे आगाऊ पैसे मोजून झालेले. त्याच वर्षी टॉवर रेकॉर्ड्स ही दुसरी मोठी दुकानंही गेली. आम्हा छोट्यांना माल परत करायची सोय नव्हतीच, घेतला तो आपला. वर एका घाऊक व्यापाऱ्याने आमचे आगाऊ पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं. ती उन्हाळ्याची सुट्टी आम्ही बायकोच्या बांगड्यांवर काढली.

सप्टेंबर २००७ मध्ये ॲनिमेच्या डिस्क काढणाऱ्या जेनियन कंपनीने अमेरिकेतलं वितरण थांबवल्याचं जाहीर झालं. कितीतरी मालिका अर्ध्यावर. "चौथी डिस्क कधी येणार?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. एका मुलाने खोकाच आणून काउंटरवर ठेवला: तीन डिस्क आणि पांढरा पुठ्ठा. "पुठ्ठ्याचे पैसे परत द्या," म्हणाला. गंमत करत होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी फ्युनिमेशन या दुसऱ्या कंपनीने त्यातल्या बऱ्याच मालिका हाती घेतल्या, पण तोवर त्या मुलाने बाकीचे भाग नेटवर बघून टाकले होते.

मग एकेक कंपनी गेली. एप्रिल २००९ मध्ये न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क मीडिया, त्याच सप्टेंबरात ह्यूस्टनच्या एडीव्हीने मालमत्ता विकली, जानेवारी २०१२ मध्ये बांदाई एंटरटेनमेंटने नवा माल बंद केला. आम्ही २०११ मध्येच शटर ओढलं. शेवटच्या आठवड्यात हिंदी सिनेमे पाच डॉलरला तीन लावले, ॲनिमे मात्र घरी आणलं. बायको म्हणाली, गाडी बाहेर उभी राहील. तेव्हापासून गॅरेज म्हणजे गोदाम.

या सगळ्यात ॲनिमे बघणारे कधीच कमी झाले नाहीत, हे आम्हाला पचायला वेळ लागला. जानेवारी २००९ पासून क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या साइटवर नारुतो मालिकेचा नवा भाग जपानात लागल्यावर तासाभरात वर्गणीदारांना मिळायला लागला, आठवड्याने फुकट. हे आमच्या दुकानाला जमण्यासारखंच नव्हतं. आज जपानच्या ॲनिमेला परदेशातून मिळणारा पैसा देशातल्याहून जास्त आहे. २०२० साली हा आकडा पहिल्यांदा पुढे गेला. बाजार वाढला, त्यात आमची जागा राहिली नाही, एवढंच.

आता आम्ही जुन्या डिस्क विकतो, घरून आणि ॲनिमेच्या चाहत्यांच्या संमेलनांत टेबल लावून. २ एप्रिल २०२४ ला फ्युनिमेशनचं ॲप बंद झालं, आणि डिस्कबरोबर मिळालेल्या कोडवर ज्यांनी डिजिटल प्रती जमवल्या होत्या त्यांच्या त्या प्रती गेल्या. त्यानंतर आमच्याकडे विचारणा वाढली.

ओटाकॉन हे असंच एक संमेलन पूर्वी बाल्टिमोरला भरायचं, आता वॉशिंग्टनला भरतं. तिथे गेल्या खेपेला पस्तिशीची एक बाई टेबलापाशी थांबली. पिशवीतून आर्टबॉक्स काढला, कोपरे घासलेले, आत तो पुठ्ठा तसाच. चौथी डिस्क होती माझ्याकडे. पंचेचाळीस सांगितले.

"तुमच्याच दुकानात तीसला होती, अंकल," ती म्हणाली.

चाळीसला दिली. पुठ्ठा तिने घडी करून परत आत ठेवला. पाचवी अजून यायची होती.