कॉपी, पेस्ट आणि प्रतीक्षा

आज दिवसभर जुन्या कॉम्प्युटरवरचं बिऱ्हाड नव्यावर हलवत होते. मोठे व्हिडिओ भराभर गेले, पण फोटोंच्या फोल्डरने जीव खाल्ला. हजारो बारक्या फाइल्स, प्रत्येकीची नोंद वेगळी, त्यामुळे वेग पार बसतो. मग झिप करून एकच गठ्ठा बांधला (फोटोंचा आकार त्याने फारसा घटत नाही, तो भाग वेगळा), तर पेनड्राइव्ह अडून बसला. जागा ढीगभर रिकामी, पण फॉरमॅट (फाइल्स साठवायची पद्धत) जुना, फॅट३२ नावाचा. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही! फॉरमॅट बदलून नवा, एक्सफॅट केल्यावर काम सुरळीत झालं. 'शिल्लक वेळ' सांगणाऱ्या त्या पट्टीवर काडीचा विश्वास ठेवू नका, दोन मिनिटांचे बघता बघता दोन तास करते. 'न्यू फोल्डर ७' मात्र आत न डोकावता तसाच आणलाय.