पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस: आधी कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली, पेनड्राइव्ह घरी लावला आणि सगळी फोल्डरं गायब! त्यांच्या जागी त्याच नावाचे एक-दोन केबीचे शॉर्टकट. अशा वेळी बरेच जण घाबरून फॉरमॅट मारतात. इतक्यात मारू नका. फाइल्स बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरच असतात, फक्त लपवलेल्या असतात.

हा व्हायरस मूळ फोल्डरना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो आणि शॉर्टकट पुढे करतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालते, मग खरं फोल्डर उघडतं, त्यामुळे संशयच येत नाही. पूर्वी पेनड्राइव्ह नुसता लावला तरी ऑटोरनमुळे व्हायरस चालू व्हायचा. विंडोज ७ मध्ये आणि २०११ च्या अपडेटने जुन्या विंडोजमध्येही ती सोय बंद झाली. म्हणून आता असल्या व्हायरसला तुमचा डबल-क्लिक लागतो, आणि तो मिळवण्यासाठीच हे सोंग.

पेनड्राइव्ह साफ केला तरी व्हायरस परत येतो, अशी तक्रार हमखास असते. कॉम्प्युटरमध्ये स्क्रिप्ट चालूच असेल तर ती नव्याने लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवर उतरणारच. म्हणून पेनड्राइव्ह काढा आणि आधी कॉम्प्युटर बघा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये 'विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' अशी ओळ दिसली तर ती डिसेबल करा. कॉलमच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून 'कमांड लाइन' हा कॉलम चालू केला की स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कळतं. डिलीट करायची ती ही स्क्रिप्ट. सिस्टिम३२ मधली 'डब्ल्यूस्क्रिप्ट' ही स्क्रिप्ट चालवणारी विंडोजची स्वतःची फाइल आहे, तिला हात लावू नका. मग विंडोज सिक्युरिटीत 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

आता पेनड्राइव्ह. फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. दुसरी खूण काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. कधी कधी सगळा माल नाव नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये कोंबलेला असतो. लपलेली फोल्डरं जशीच्या तशी कॉपी केली तर शिक्केही सोबत येतात. म्हणून आत जाऊन फक्त आपले फोटो आणि कागदपत्रं नव्या फोल्डरमध्ये घ्या. मग पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा.

फाइल एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी येणारा फाइलचा प्रकार) दाखवायचं सेटिंग कायम चालू ठेवा, म्हणजे 'बायोडेटा.पीडीएफ'च्या शेपटाला लागलेलं 'ईएक्सई', म्हणजे प्रोग्रॅमची खूण, दिसेल. शॉर्टकटचं एक्स्टेन्शन मात्र त्यानेही दिसत नाही. तिथे डिटेल्स व्ह्यूमधला 'टाइप' कॉलम बघायचा: 'फाइल फोल्डर' हवं तिथे 'शॉर्टकट' लिहिलेलं असेल. दुकानात नेताना पेनड्राइव्हवर फक्त त्या दिवशीची पीडीएफ ठेवावी. ईमेलने पाठवता आली तर उत्तमच.

पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवून देणारे क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर हा व्हायरस यायचा त्याहून वाईट रस्ता. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगणारं सॉफ्टवेअर तुमच्याच हाताने दार उघडून घेतं. स्टॉप-डेजाव्हूसारखं रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) घराघरात याच मार्गाने शिरलं. असं काही टाकून झालं असेल तर विंडोज सिक्युरिटीतली 'एक्सक्लुजन्स'ची यादी उघडून बघा. तिथे अख्खी सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर असेल तर ती नोंद काढा, कारण डिफेंडर तिथे बघतच नाही.

रॅन्समवेअर अडवण्यासाठी डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' आहे; अनोळखी सॉफ्टवेअरला ते तुमच्या फोल्डरमधल्या फाइल्स बदलू देत नाही, पण ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर एखादं चांगलं सॉफ्टवेअरही डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करताना अडेल, त्याला परवानगीच्या यादीत टाका. बॅकअपची हार्ड डिस्क मात्र काम झालं की काढून ठेवा. लावलेली राहिली तर तिच्यावरच्या फाइल्सही बाकीच्यांबरोबर कुलूपबंद होतात.