एमआरआय एक सांगतो, ढोपर भलतंच

आमचं घर देवगडजवळ, अंगणातून बागेत उतरायला चिऱ्याच्या सतरा पायऱ्या. पावसात तिथेच शेवाळावरून घसरलो नि गुडघ्यातलं कार्टिलेज, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कुर्चा, गेलं. कोल्हापूरला दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर केलं, म्हणजे उघड्या पडलेल्या हाडाला बारीक भोकं पाडतात, आतलं रक्त वर येऊन गोठतं आणि त्यातून नवीन कुर्चा धरते, पण मूळची नाही, जरा राठ. सहा आठवडे कुबड्या, पाय टेकायचा नाही. असो.

सहा महिन्यांनी एमआरआय काढला. पाय तोवर मस्त, सूज नाही, पायऱ्या चढतोय उतरतोय, आणि रिपोर्टमध्ये काय तर कुर्चेतला खड्डा अर्धवट भरलाय, वरून खडबडीत, खालच्या हाडात एडिमा, म्हणजे सूज. अख्खा फोंडा घाट उतरेपर्यंत मी गप्प. आणि खरं सांगतो, त्या रात्री गुडघा ठणकायला लागला! आई म्हणाली, "कागद वाचून ढोपार दुखूक लागला?"

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, नव्या कुर्चेत पाणी जास्त असतं म्हणून फिल्मवर वेगळी दिसते, तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, हाडातली सूजही महिनोन्महिने दिसू शकते. एमआरआयला मार्क द्यायची मोकार्ट नावाची पद्धत आहे, 100 पैकी. खड्डा किती भरला, कडेला चिकटलं का, मूळ पद्धतीत नुसत्या सिग्नलला, म्हणजे फिल्मवर ती किती उजळ दिसते त्याला, 30 मार्क, पण माणूस पायरी चढतो का हे कुठेच नाही. ते दुसऱ्या कागदावर, कूस म्हणतात त्याला, 42 प्रश्न, जिने, उकिडवं बसणं, सगळं. दोन्हीकडचे मार्क जुळतातच असं नाही म्हणे.

ते मला दीड वर्षांनी कळलं. दुसरा एमआरआय झकास, खड्डा काठोकाठ, आणि नेमकं तेव्हाच पायऱ्या उतरताना कळ येत होती. डॉक्टरांनी टेप लावून मांडी मोजली, दुसरीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक! आंब्याच्या फवारण्या सुरू झाल्या तसा माझा व्यायाम सुटला होता, हे फिल्मवर कुठून दिसणार. मग परत रोज सकाळी मांडीला वाळूची पिशवी... म्हणजे घोट्याला बांधून पाय उचलायचे, बायको मोजायला बसायची, मी दोन खाल्ले की ओरडायची.

मिरगापर्यंत कळ गेली. उकिडवं मात्र अजून बसवत नाही, त्या प्रश्नाला आजही 'खूप त्रास'वरच टिक.