कस्टम का सोडलंत?

लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या सभेत आणि आता निवृत्तीनंतर सकाळी फिरायला गेलो तरी हाच प्रश्न येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना मी मलईवर लाथ मारून आलेला साधुपुरुष वाटतो. दुसऱ्यांना खात्री असते की काहीतरी भानगड झाली असणार, नाहीतर सहार विमानतळावरची ती पांढऱ्या गणवेशाची नोकरी कोण सोडतो? भानगड झाली नव्हती. चार्जशीट नव्हती, साधा मेमोसुद्धा नव्हता. हे एकदाचं लिहून टाकतो, कारण 'तसं काही नाही हो' असं तोंडानं म्हणताना माणसाचा चेहरा उगाच चोरासारखा होतो.

आजवर 'यूपीएससीची परीक्षा दिली, पास झालो, परराष्ट्र सेवेत गेलो' एवढंच सांगत आलो. खोटं नाही ते.

१९९० चा सप्टेंबर होता. इराकनं कुवेत गिळलं होतं आणि तिथून निसटलेल्या भारतीयांना घेऊन जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाची विमानं मुंबईत उतरत होती. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या, पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. हे आकडे आता सगळे छाती फुगवून सांगतात. आम्हाला तेव्हा दिसत होत्या त्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि आठ-दहा दिवस न धुतलेले कपडे. या लोकांना छळू नका, असं वरून तोंडी सांगितलेलं होतं. आम्ही छळतही नव्हतो. बॅगा उघडतच नव्हतो, कारण बहुतेकांकडे बॅगाच नव्हत्या.

त्या रात्री रत्नागिरीकडचा एक माणूस, त्याची बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी माझ्या काउंटरला आले. मुलीनं पाणी मागितलं. त्यानं थर्मास काउंटरवर ठेवला, झाकणात पाणी ओतून तिला दिलं. मी कागद पुढे ओढायला थर्मास बाजूला सरकवला. एवढंच. आत पाणी हललं, पण हाताला वजन पाण्यापेक्षा जास्त लागलं.

बूड फिरवलं. पत्रा आणि काच यांच्या मधे कापसात गुंडाळलेली दहा तोळ्यांची चार बिस्किटं होती. एक बिस्किट ११६.६४ ग्रॅम, हा आकडा आम्हाला झोपेतही पाठ असायचा.

तो ओरडला नाही, पाया पडला नाही. म्हणाला, "साहेब, कुवेती दिनारला कुत्रं विचारत नाही. बारा वर्षांचं एवढंच आहे."

मी सुपरिटेंडेंटना बोलावलं. त्यांनी थर्मासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाहिलं नसतंस तर काहीच नव्हतं. आता पाहिलंस ना? मग लिही."

मी लिहिलं. पंच बोलावले, पंचनामा केला, कस्टम कायद्याच्या कलम ११० खाली जप्ती, कलम १०८ खाली जबाब. कायद्यानं मी चूक नव्हतो. सवलतीत थोडेफार दागिने बसायचे, बिस्किटं नव्हे. शिवाय दिनारची गोष्ट खरी असली तरी बिस्किटं त्याचीच कशावरून? दुसऱ्याचा माल आणणारे कॅरिअर आम्ही रोज पाहत होतो. हे सगळं मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवलं आहे, आणि ऐकताना पटतंही.

पण तेव्हा मनात कायदा नव्हता. बाजूला दोन लोडर उभे होते, शेजारच्या काउंटरवरचा सहकारी मान वळवून बघत होता. बिस्किटं परत आत ठेवली असती तर शिफ्ट संपायच्या आत 'सेटल केलं' असं झालं असतं. मी माझं नाव वाचवलं. त्याचं सोनं गेलं.

त्या केसचं बक्षीसही आलं. नियमातलं, सही करून घेतलेलं. त्यातून मी यूपीएससीची पुस्तकं घेतली. हे आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

म्हणून सोडलं का? तसं म्हटलं तर गोष्ट छान जुळते, आणि तिथेच मला तिचा संशय येतो. फॉर्म भरायचा विचार आधीपासून होता. इंग्रजी बरं होतं, परदेशाची हौस होती, रात्रपाळीचा कंटाळा होता.

१९९२ ला मुलाखतीत बोर्डानंही तुमचाच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "कस्टम देशाच्या दारात उभं असतं, मला दाराबाहेर जाऊन काम करायचंय." वाक्य चांगलं होतं. मग एका सदस्यानं विचारलं, नुकत्याच आलेल्या अर्थसंकल्पात परदेशातून परतणाऱ्याला जकात भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा दिली आहे, तुमचं मत काय? चार बिस्किटांच्या दसपट! मी तस्करीतला नफा, परकीय चलन, हवालाचा दर असं सगळं नीट सांगितलं. ते खूश झाले. थर्मासचं नाव काढलं नाही. आज मुलाखतीतल्या त्या पोराला, म्हणजे तेव्हाच्या मला, समोर बसवून विचारावंसं वाटतं, काढलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो म्हणेल, नोकरी गेली असती. बरोबरच आहे त्याचं.

पुढचं परराष्ट्र सेवेतलं नेहमीचंच: मसुरी आणि दिल्लीत प्रशिक्षण, कैरोत अरबी, मग आखाती देशातल्या दूतावासात कॉन्सुलर विभाग, म्हणजे तिथल्या भारतीयांचे कागदपत्र बघणारा. (गंमत म्हणजे बॅगा उघडण्यात उमेदवारी गेलेल्या माणसाच्या ताब्यात आता दूतावासाच्या सरकारी टपालाची लाखबंद डिप्लोमॅटिक बॅग होती. व्हिएन्ना करारानं ती कोणी उघडायची नाही.) तिथं मृतदेहांचे कागद करायचे. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, आमची ना-हरकत आणि रद्द केलेला पासपोर्ट. कोणी म्हणेल, तिथं तुम्ही फेडलंत.

कसलं फेडलं! एकदा पासपोर्ट मालकाकडे अडकलेला एक पोरगा इमर्जन्सी सर्टिफिकेटसाठी, म्हणजे पासपोर्टऐवजी घरी परतायला चालणाऱ्या कागदासाठी, आला. मी त्याला वीस मिनिटं उलटसुलट विचारत होतो, आणि मधेच लक्षात आलं की माझी नजर त्याच्या पिशवीवर आहे, वजनाचा अंदाज घेत.

त्या माणसाचं पुढे काय झालं, सोनं दंड भरून सुटलं की सरकारजमा झालं, याची मी चौकशी केली नाही. करता आली असती. त्याच इमारतीत फाईल होती.

एक मात्र केलं. सोनं लपवायला वापरलेली वस्तूही कलम ११९ खाली जप्त करायची असते. मी थर्मास पंचनाम्यात घेतला नाही. बूड परत बसवून मुलीच्या हातात दिला. बिस्किटं ओढताना आतली काच तडकली होती. तेही लिहिलं नाही.